सोंगाची भाकर

माझं अक्षर चांगलं आहे. फुशारकी म्हणून नाही सांगत. ज्या गोष्टीनं घराचं वाटोळं केलं ती आधीच सांगून मोकळं व्हावं, एवढाच हेतू. व्हर्नाक्युलर फायनलला माझ्यासारखं वळणदार अक्षर कोणाचं नव्हतं, आणि लोकल बोर्डाच्या शाळेत मी मास्तर म्हणून चिकटलो तो त्या अक्षराच्या जोरावरच. त्याच अक्षरानं मी माझ्या थोरल्या भावाचं तोंड शिवलं. सरकारनं शिवलं, असं लोक म्हणतात. मीही कैक वर्षं तसंच म्हणत आलो. पण सुईत दोरा कोणी ओवून दिला ते मला ठाऊक आहे.

भाऊ सोंगाड्या होता. तापीच्या दोन्ही तीरांवर, इकडं लोणखेड्यापासून तिकडं पार नवापूरच्या वाटेवरच्या गावांपर्यंत त्याचा खेळ चालायचा. तमाशे आमच्याकडं पुष्कळ होते, पण भाऊचं काम निराळं. त्यात राजा नाही, प्रधान नाही, गवळण नाही. एक ढोलकीवाला, एक झांजवाला, मागं सूर धरायला एक जण, आणि पुढं भाऊ. खेळ दिवसाचा. उन्हं कलली की सुरू आणि गुरं घरी परतायच्या वेळेला बंद, कारण माणसं लांबून पायी यायची आणि त्यांना उजेड आहे तोवर घर गाठायचं असायचं.

सकाळी तो गावात शिरायचा. विहिरीवर पाणी मागायचा, न्हाव्यापुढं उगाच डोकं करून बसायचा, दोन-चार ओट्यांवर तंबाखू मळायचा. कोणाची म्हैस कोणाच्या कपाशीत शिरली, कोणाचा जावई रुसून अर्ध्या वाटेतून परत गेला, कोणी सुरतेहून कोट शिवून आणला आणि बाह्या आखूड निघाल्या, हे सगळं दुपारपर्यंत त्याच्या पोटात. मग तोंडाला पीठ आणि काजळ फासून तो त्याच गावापुढं त्याच गावाची सोंगं काढायचा. काय हसायची माणसं! बायका पदर तोंडात कोंबायच्या. म्हातारे खोकून खोकून लाल व्हायचे. आणि ज्याचं सोंग निघालं तो सगळ्यांत पुढं बसून हसायचा, कारण नाही हसला तर वर्षभर चिडवून घ्यायची पाळी.

याला एक रिवाज होता. ज्याचं सोंग निघालं त्याच्या घरची भाकर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मंडळीला यायची. सोंगाची भाकर म्हणायचे तिला. राग धरला नाही, गोष्ट कालची काल संपली, असा त्याचा अर्थ. भाकर येऊन गेली की भाऊ ते सोंग पुन्हा काढायचा नाही. त्या गावातही नाही आणि दुसऱ्याही नाही. मेलेल्या माणसाला जसं पुन्हा पुन्हा जाळत नाहीत, तसं.

आणि ज्याचं सोंग निघालं नाही तो रुसायचा. खरंच रुसायचा! एका वर्षी कापसाचं जिन असलेल्या एका शेटचं नाव भाऊनं घेतलं नाही. शेट दुसऱ्या दिवशी स्वतः पुरणाच्या पोळ्या घेऊन मंडळी उतरली होती तिथं आला. भाऊनं हात जोडले आणि पोळ्या परत केल्या.

"शेट, तुमनं नाव मी लिधं नही," तो म्हणाला. "तुमनी भाकर माले पचाव नही."

शेट तणतणत गेला. पुढच्या वर्षी त्यानं मुद्दाम आपल्या घोड्याच्या शेपटीला रंग लावून ठेवला, निदान त्यावर तरी बोल म्हणून. भाऊ बोलला. शेटनं टोपली भरून भाकरी पाठवल्या.

पाटलाचं सोंगही असंच एका दुपारचं. तापीकाठचं गुजर वस्तीचं गाव, आणि तिथला पाटील म्हणजे उंचापुरा, मोठ्या आवाजाचा, देवमाणूस. घरी कापसाची खोली गळ्यापर्यंत भरलेली. तो स्वतः आत उतरून कापूस तुडवत होता, तेवढ्यात साहेबाची स्वारी न सांगता गावात आली. पाटील धावत बाहेर आला तो नखशिखांत पांढरा. मिशीला कापूस, पागोट्याला कापूस. बायकोनं पाहिलं आणि भूत म्हणून किंकाळी फोडली. घडलं एवढंच. भाऊनं त्यात आपला मीठमसाला घातला. साहेब उना, साहेब उना, म्हणजे आला आला, असा गलका होतो, पाटील थरथरत कापसात डोकं खुपसतो, ढुंगण तेवढं वर राहतं, आणि बायको केरसुणीनं ते झोडते. पाटील पहिल्या ओळीत बसून इतका हसला की त्याला पाणी पाजावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून भाकर आली, वर वांग्याचं भरीत आणि लोण्याचा गोळा. विषय संपला. संपायला हवा होता.

मग देशात मिठाची आणि जंगलाची धामधूम सुरू झाली. आमच्याकडंही पोरं टोप्या घालून फिरू लागली, ताडीच्या दुकानांपुढं उभी राहू लागली. भाऊ काही देशभक्त नव्हता हो. खरं ते सांगतो. पण तो गावात जे चाललंय ते बोलायचा, आणि गावात तेच चाललं होतं. एका बाजारात त्यानं दारूच्या मक्तेदाराचं सोंग काढलं, आणि महिना झाला नाही तोच तालुक्याच्या कचेरीचा हुकूम आला. खेळ करायचा तर आधी सगळा मजकूर लिहून द्यायचा. शुद्ध मराठीत, तीन प्रती. कचेरी वाचेल, योग्य वाटेल तेवढं ठेवील, शिक्का मारील, आणि शिक्क्याबाहेर एक अक्षर बोलायचं नाही.

भाऊ हसला. "लिखीसन काय व्हई?" तो मला म्हणाला. "उद्याना गावले मी काय बोलसू, ते माले आज थोडंच म्हाईत शे!"

तो म्हणाला ते अगदी बरोबर होतं. त्याच्या खेळाला मजकूरच नव्हता. लिहायला घरात काही नव्हतंच, तर कचेरीला काय देणार? कोणी शहाणा असता तर त्यानं रामाच्या वनवासाची चार पानं खरडून दिली असती, शिक्का घेतला असता, आणि पुढचं पुढं पाहिलं असतं. पण घरात मास्तर होता ना! मी म्हणालो, "भाऊ, सरकारशी खोटं नको. तू सांग, मी लिहितो. बघ कसं झकास उतरवतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

आठ दिवस शाळा सुटल्यावर मी त्याच्यापुढं दौत-टाक घेऊन बसलो. तो सांगेना. सांगता येईना त्याला. "हाई त्या गावनं व्हतं," म्हणायचा, "आते ते सरी गयं." मी खोदून खोदून काढलं. अमक्या गावी काय बोललास? तमक्याच्या सासूवर काय बोललास? संपलेली, भाकर खाऊन मिटवलेली सोंगं मी एकेक उकरून वर काढली आणि नाव-गावासकट कागदावर मांडली. शुद्ध मराठीत! त्याचं "कोठे जाई ऱ्हायना रे भो" मी "कुठे चालला आहात हो गृहस्थ" असं केलं. मला वाटलं, भावाचं नाव झालं. अडाणी माणसाचा खेळ आता पुस्तकासारखा दिसेल. कागदाला समास सोडले, लाल शाईनं शीर्षकं काढली. त्या आठ दिवसांत मी जितका खूश होतो तितका पुन्हा कधी झालो नाही, याची मला आज लाज वाटते.

दीड महिन्यानं कागद परत आले. अव्वल कारकुनानं माझ्या अक्षराची तारीफ केली आणि मग पानं पुढं सरकवली. तलाठ्याचं सोंग काट. मक्तेदाराचं काट. फॉरेस्टच्या गार्डचं काट. कोतवालाचं काट, कारण कोतवालही सरकारी. सावकाराचं काट, कारण सावकार कचेरीतल्या कोणाचा तरी व्याही. जावयांची, सासवांची, आखूड बाह्यांची सोंगं 'असभ्य' म्हणून काट. शेवटी काट न बसलेलं एकच राहिलं. कापसातला पाटील. त्या पानावर जांभळा शिक्का, अगदी मधोमध.

"हे चांगलं आहे," कारकून म्हणाला. "यात सरकारचा धाक दिसतो."

मी मान डोलावली. डोलावली, काय करता! नोकरी बोर्डाची, बायको घरात, आणि समोर शिक्का.

आता पुढची मजा ऐका. भाऊ एका गावी गेला. सवयीनं विहिरीवर गेला, न्हाव्याकडं बसला, सगळं पोटात भरून घेतलं. दुपारी गाव जमलं. आणि त्या गावापुढं त्यानं दुसऱ्याच गावच्या पाटलाचं सोंग काढलं, कारण मंजूर तेवढंच होतं. लोकांनी वाट पाहिली. आत्ता आपलं येईल, आत्ता येईल. आलंच नाही. एक म्हातारा उठून म्हणाला, "का रे सोंगाड्या, आमना गावमा हसाजोगं काहीच नही का?" दुसऱ्या दिवशी भाकर आली नाही. कोण पाठवणार? ज्याचं सोंग निघालं तो दहा कोसांवर. ढोलकीवाल्यानं बाजारातून शेंगदाणे आणले आणि मंडळी ते खाऊन पुढं निघाली.

पुढच्या गावी तेच. त्याच्या पुढच्या गावीही तेच. एकदा राहवलं नाही, तर भाऊनं एका न्हाव्याचं नुसतं नाव घेतलं. बंदोबस्ताचा हवालदार कोकणातला, त्याला आमच्या अहिराणीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण हातातल्या कागदावर नसलेलं नाव त्याला बरोबर ऐकू आलं. आठ दिवस ढोलकी चौकीत. मग फौजदारानं तोडगा काढला. लिहिलंय शुद्ध मराठीत, बोलतो हा अहिराणीत, तर दोन्ही येणारा माणूस कोण? मास्तर! तुमचंच अक्षर आहे, तुम्हीच ताडून पाहा. सुट्टीच्या दिवशी आणि जत्रा-बाजाराला मी प्रत हातात घेऊन भावाच्या खेळाला बसू लागलो. तो बोलायचा, मी ओळीवर पेन्सिलीनं खूण करायचो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो दांडा मी.

सातपुड्यात वर चढून जावं असं भाऊच्या एकदा मनात आलं. धडगावकडं होळीला डोंगरातले पावरे लोक नाचतात त्यांना कोण कागद मागतो, म्हणायचा. पण तिकडची बोली त्याला येत नव्हती आणि त्याची तिकडं कळली नसती. नाचता कुठंही येतं. हसवायला बोली लागते. तो विचार तिथंच राहिला.

आणि इकडं कापसातला पाटील गावोगाव पोचला. जे सोंग एका दुपारी, स्वतः पाटलाच्या देखत, हसून संपलं होतं, ते आता वर्षभर, बाजारा-बाजारात, पाटलाच्या मागं चालू होतं. लोकांना तो माणूस माहीत नाही, त्याची खोली माहीत नाही. त्यांना एवढंच कळलं की अमक्या गावचा पाटील साहेबाला भिऊन ढुंगण वर करून लपतो. पाटील बैल घ्यायला सारंगखेड्याच्या जत्रेत गेला तर दलाल म्हणाले, "या कापूस पाटील." पोरीला बघायला येणारे पाहुणे गालात हसले आणि परत फिरकले नाहीत.

एका सकाळी तो आमच्या दारात आला. मी शाळेला निघालो होतो. भाऊ अंगणात ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसला होता. पाटील बसला नाही.

"मी तुन्हं काय बिघाडं रे भो?" तो म्हणाला. "भाकर धाडी व्हती ना मी?"

बस, एवढंच. त्या माणसाचा आवाज मोठा, पण हे तो इतकं हळू बोलला की मला दोनदा मनात म्हणून पाहावं लागलं. भाऊनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि माझ्याकडं पाहिलं. कागद, शिक्का, मंजुरी, हे पाटलाला समजावून सांगायला तोंड होतं ते माझंच. मी म्हणालो, "शाळेला उशीर होतोय," आणि सटकलो.

त्याच हिवाळ्यात पाटलानं पाटीलकीचा राजीनामा दिला. तेव्हा बरेच देत होते. पण हा एकटा कचेरीत गेला, कागद टेबलावर ठेवला आणि साहेबापुढं ताठ उभा राहून म्हणाला, आजपासून मी तुमचा नोकर नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी मला सांगितलं, पाय काही हलला नाही त्याचा. आणि बाजारात मात्र अजून तोच थरथरणारा पाटील कापसात डोकं खुपसत होता, माझ्या भावाच्या अंगानं. आता तर कचेरीला त्या सोंगाचा भलताच पुळका आला. जिथं भाऊ जायचा नाही तिथंही बोलावणी येऊ लागली.

मग पाटलाच्याच गावच्या महादेवाच्या यात्रेचं बोलावणं आलं. फौजदार स्वतः येणार होता. परवान्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती, आणि नाही म्हटलं तर नवा परवाना मिळणार नव्हता. तीन माणसांची आणि भाऊची चूल त्यावर. पण त्याला चुलीची चिंता नव्हती. त्याला बोलल्याशिवाय राहता यायचं नाही, एवढीच त्याची अडचण. गाड्यावर बसून जाताना त्यानं मला विचारलं, "मास्तर, काय करू?"

मी म्हणालो, "कागदात आहे तेवढं म्हण आणि मोकळा हो."

तो बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकत बसला.

देवळापुढं पटांगणात गाव बसलं होतं. पाटील पहिल्या ओळीत, त्याच जागी, जिथं बसून तो तेव्हा हसला होता. पागोटं स्वच्छ. फौजदाराला खुर्ची, आणि खुर्चीशेजारी बाकड्यावर मी, मांडीवर प्रत. भाऊनं तोंडाला पीठ फासलेलं. सुरुवात झाली. साहेब उना, साहेब उना! मी खूण केली. पाटील थरथरतो. खूण केली. भाऊ वाकला, डोकं खुपसायला गेला, आणि मध्येच थांबला. सरळ झाला. धोतराच्या सोग्यानं त्यानं तोंडावरचं पीठ पुसलं, नीट पुसलं, कानामागचंसुद्धा. आणि गावाकडं बघून साध्या आवाजात म्हणाला:

"कापूसमा लपना तो पाटील नही व्हता. तो मी व्हतू. पाटील दारमा उभा व्हता. मी घाबरनू, मी लपनू, आनि नाव मी पाटीलनं लिधं."

कोणी हसलं नाही. ढोलकीवाल्यानं हात काढून घेतला. फौजदाराला शब्द कळले नाहीत, पण काहीतरी निसटलं हे कळलं. तो माझ्याकडं वळला.

"मास्तर, हे कागदात आहे?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. एक अक्षर. त्याला वाचता येत होतं, पण माझ्या प्रतीत आणि भावाच्या बोलीत मेळ घालायचं काम माझंच होतं. मी 'हो' म्हटलं असतं तर त्यानं विडी पेटवली असती आणि खेळ पुढं चालला असता. नोकरीची भीती वाटली, हे खरं आहे. मास्तराला विचारलं की मास्तर बरोबर उत्तर देतो, तीही सवय. पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. मला राग आला होता. मी इतकं सुंदर लिहून दिलं, आणि हा त्याच्याबाहेर गेला! एक क्षणभर, पण आला होता.

"नाही," मी म्हणालो. "हे कागदात नाही."

भाऊनं ऐकलं. पाटलानं ऐकलं. गावानं ऐकलं.

दोन शिपाई भाऊला घेऊन तालुक्याच्या वाटेला लागले. वेशीपर्यंत गेले असतील तोच पाटलीण धावत मागून आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी तिनं भाऊच्या हातात दिल्या, दुसऱ्या सकाळची वाटसुद्धा पाहिली नाही. शिपायांनी घेऊ दिल्या, तेवढे ते बरे. चार दिवस कोठडी, परवाना रद्द, आणि पुन्हा तोंडाला पीठ लावलंस तर वर्षभर आत, अशी तंबी देऊन सोडला. माझ्या शेरेबुकात साहेबानं लिहिलं की मास्तर विश्वासू आहेत. तो शेरा अजून माझ्या पेटीत आहे, फाडायचं धाडस झालं नाही.

भाऊ मला कधी एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. जिनमध्ये सरकी उपसायच्या कामाला लागला आणि वहिनीला घेऊन वेगळा राहू लागला. सणावाराला घरी यायचा, जेवायचा, माझ्या बायकोच्या भाजीला चांगलं म्हणायचा. पाटलाच्या घरून दर यात्रेला त्याला भाकर यायची, सोंग नसतानाही. जिनमध्ये दुपारच्या सुट्टीत तो कामगारांना हसवायचा म्हणे. मी तिथं कधी गेलो की गप्प व्हायचा.

मग स्वराज्य आलं. लोकांनी पेढे वाटले. भाऊ म्हणाला, चल मास्तर, परवाना मागून पाहू. गेलो. कचेरी तीच, टेबल तेच, भिंतीवरची तसबीर तेवढी बदललेली, खुर्चीत खादीच्या टोपीवाला. गोड बोलला. म्हणाला, लोककला टिकली पाहिजे, सरकार तुमच्या पाठीशी आहे, फक्त मजकूर तपासून घ्यावा लागेल. तीन प्रती आणा. भाऊ इतका हसला की शिपायानं आत डोकावून पाहिलं. पायऱ्या उतरताना म्हणाला, "गोरा गया, कागद ऱ्हायना." ते त्याचं शेवटचं सोंग असेल, असं मला वाटलं.

नव्हतं. पुढच्या थंडीत तो आजारी पडला, छातीत सरकीची धूळ बसली होती. एका सकाळी त्यानं खाट अंगणात उन्हात काढायला लावली. बातमी पसरली तशी माणसं जमू लागली. ढोलकीवाला काठी टेकत आला. तो जिनवाला शेट आला. पाटीलही बैलगाडी जुंपून आला, पाठीत वाकलेला, पण आवाज तोच. अंगण भरलं आणि भाऊच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. मला कळलं आता काय होणार. कागद नव्हता, शिक्का नव्हता, फौजदार नव्हता.

त्यानं सुरू केलं. शेटच्या रंगीत शेपटीच्या घोड्यापासून. ढोलकीवाल्याच्या पडलेल्या दातांवर. वैद्याच्या पुड्यांवर, ज्यांत म्हणे चुलीतली राख असते. वहिनीवर, जी त्याला मरू देत नाही कारण तिला एकटीला लसूण सोलायचा कंटाळा. अंगण फुटेस्तोवर हसत होतं. मग तो पाटलाकडं वळला.

"मन्हं मरन उनं पाटील," तो म्हणाला. "लपाले तुमनाकडे कापूस शे का?"

पाटील हसला. हसता हसता रडला, आणि रडता रडता हसला. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. अंगणातली जवळची सगळी माणसं झाली होती, एकेक करून. राहिलो होतो मी. माझं काढायला काय कमी होतं? टाक, समास, लाल शाई, शुद्ध मराठी, "कुठे चालला आहात हो गृहस्थ"! मी पुढं सरकलो. वाटेल ते बोल, भाऊ, वाटेल ते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चांगलं दोन श्वास पाहिलं, आणि मग शेजारच्या म्हातारीच्या तपकिरीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या घरून भाकर आली. शेटच्या, वैद्याच्या, पाटलाची तर गाडीतून आली. माझ्या बायकोनंही पहाटे उठून केली होती, तीळ लावून, त्याला आवडायची तशी. मी ती फडक्यात बांधली, उंबऱ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. ती भाकर आम्ही घरीच खाल्ली.